जीटी मारून विमान उडत नाही

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य टाकलं होतं की विमानाच्या डिझाइनमध्ये यायचं असेल तर आधी पेन्सिल, मग माऊस, म्हणजे आधी हाताने ड्रॉइंग, मग कॉम्प्युटरवर. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. निम्म्यांनी शाबासकी दिलीये आणि निम्म्यांनी विचारलंय की ताई तुम्ही कुठल्या जमान्यात राहता. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, थोडी निवडलीत.

प्रश्न: ताई, मी लातूरला इंजिनियरिंगच्या फर्स्ट इयरला आहे. विमानांचं वेड लहानपणापासून. पण ग्राफिक्सला, म्हणजे इंजिनियरिंग ड्रॉइंगला, केटी लागली, विषय राहिला. प्रोजेक्शन ऑफ सॉलिड्स, म्हणजे घन वस्तूचे व्ह्यू काढणं, आलं की सगळं डोक्यावरून जातं. शीट्स पूर्ण आहेत पण खरं सांगते, सगळ्या जीटी मारलेल्या. माझं काही होईल का?

होईल गं. जीटी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टेबलाची काच, खाली पेटलेला बल्ब, काचेवर टॉपरची शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट, की झाली ग्लास ट्रेसिंग. मीही मारलीये, सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलला लाईट गेली तेव्हा मेणबत्तीवरसुद्धा मारलीये, त्यामुळे मी तुला उपदेश करणार नाही. फक्त एवढंच की जीटीत हात चालतो, डोळा चालत नाही, आणि हा विषय नव्वद टक्के डोळ्याचा आहे.

आता एक कर. कपडे धुवायच्या साबणाच्या दोन वड्या आण. एकीचा चाकूने कोपरा काप, मग मधे एक खाच पाड, जमेल तसं वेडंवाकडं. ती समोर ठेवून साध्या कागदावर, पट्टी न घेता, तिचा फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू, साइड व्ह्यू काढ. लपलेल्या कडा तुटक रेषेने. मग ती वडी कपाटात टाक आणि दोन दिवसांनी फक्त तुझा कागद बघून दुसरी वडी काप. दोन्ही शेजारी ठेवल्या की काय चुकलं ते लगेच कळतं, मास्तर लागत नाही. पहिल्यांदा हमखास चुकते, माझी तर खाच पलीकडच्या बाजूला गेली होती. असे आठ-दहा साबण झाले की प्रोजेक्शन डोक्यावरून जायचं थांबतं. साबण वाया जात नाही, आईला सांग.

सेक्शनसाठी, म्हणजे वस्तू कापल्यावर दिसणाऱ्या छेदासाठी, गाजर. तिरकं कापलं की लंबवर्तुळ दिसतं, बरोबर आडवं कापलं की वर्तुळ. डेव्हलपमेंट ऑफ सर्फेसेससाठी, म्हणजे पृष्ठभाग उलगडून सपाट करण्यासाठी, शेंगदाण्याची पुडी. ती उलगडली की काय होतं बघ, वर्तुळाचा एक तुकडा. पुडीच्या तोंडाची त्रिज्या ३ सेंमी आणि तिरकी बाजू १२ सेंमी असेल तर ३६० गुणिले ३ भागिले १२, म्हणजे ९० अंश, बरोब्बर पाव वर्तुळ. विमानाच्या शेपटीकडचा निमुळता भाग असतो ना, त्याचा पत्रा कापताना हाच हिशोब असतो, फक्त तिथे पुडी फाटली तर चालत नाही.

आणि वेड विमानाचंच आहे तर एकदा ग्राफ पेपरवर पंखाचा छेद काढच. नाका २४१२ नावाचा जुना एअरफॉइल, म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार, आहे, सेसना १७२ या छोट्या विमानाच्या पंखाला तोच असतो. त्या आकड्यातच सगळं सांगितलंय, टक्के सगळे छेदाच्या पुढून मागपर्यंतच्या लांबीचे, २ म्हणजे मधली रेषा जास्तीत जास्त २ टक्के वर उचललेली, ४ म्हणजे ती उचल पुढून ४० टक्क्यांवर, १२ म्हणजे जाडी १२ टक्के. २०० मिमी लांबीचा काढलास तर जाडी २४ मिमी, उचल ४ मिमी, आणि ती छेदाच्या पुढच्या टोकापासून ८० मिमीवर. को-ऑर्डिनेट्स इलिनॉय विद्यापीठाच्या एअरफॉइलच्या संग्रहात फुकट मिळतात. पुढच्या टोकाजवळ बिंदू दाट घ्यायचे, तिथे वळण जास्त असतं. बिंदू हाताने जोडताना रेषा कुठे अडखळते ते बोटांना कळतं, आणि पुढे कॉम्प्युटरवर स्प्लाइन, म्हणजे सलग बाक, काढशील तेव्हा हेच अडखळणं स्क्रीनवर ओळखता येईल.

प्रश्न: नमस्कार. मी नाशिकचा. ओझरच्या एचएएल या विमान कारखान्याच्या गेटवरून रोज ये-जा असते, तेव्हापासून मुलाच्या डोक्यात विमान बसलंय. बारावी झाली. एक क्लासवाले म्हणतात तीन महिन्यात कॅटिया, ते डिझाइनचं सॉफ्टवेअर, मास्टर करतो, ५५ हजार फी. लावू का?

दादा, सध्या नको. कॅटिया वाईट आहे असं नाही, उलट विमानवाल्यांचंच लेकरू आहे ते. फ्रान्सच्या दासो विमान कंपनीने १९७७ ला स्वतःच्या विमानांसाठी बनवायला घेतलं, १९८१ ला त्याची वेगळी कंपनी झाली, तिचं मोठं सेंटर आज पुण्यातही आहे. बोइंग ७७७ हे सगळं कॉम्प्युटरवर डिझाइन केलेलं पहिलं मोठं प्रवासी विमान, तेही कॅटियावरच, जून १९९४ ला पहिल्यांदा उडालं. तेव्हा सॉफ्टवेअर खरं आहे. खोटं आहे ते 'तीन महिन्यात मास्टर'.

मी इंटरव्ह्यू घेते तेव्हा अशी मुलं येतात. पॅड कुठे, पॉकेट कुठे, फिलेट कुठे, बटणं फटाफट दाबतात. मग मी विचारते की बाबा या होलचं माप तू या कडेपासून का दिलंस, त्या कडेपासून का नाही? की शांतता. माप कुठून द्यायचं हे पार्ट कशावर बसणार त्यावरून ठरतं, आणि हे क्लासमध्ये कुणी शिकवत नाही कारण त्याचं बटण नाही.

मुलाला आधी फ्रीकॅड शिकू द्या, तेही डिझाइनचंच सॉफ्टवेअर पण फुकट आहे, घरच्या लॅपटॉपवर चालतं. पूर्ण विमानाचा आकार खेळून बघायचा असेल तर नासाचं ओपनव्हीएसपी आहे, तेही २०१२ पासून सगळ्यांना फुकट आहे, पंखाची लांबी बदलली की समोर विमान बदलतं, पोरं रमतात. एनपीटीईएल या साइटवर आयआयटीवाल्यांची ड्रॉइंगची लेक्चर्स आहेत. डिग्री किंवा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, नोकरी कुठल्या कंपनीत शोधतोय ते बघून मग कॅटिया लावा किंवा एनएक्स हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर लावा, विमानाची इंजिनं बनवणाऱ्यांकडे एनएक्स जास्त दिसतं. आणि आयटीआयचा ड्राफ्ट्समन मेकॅनिकल ट्रेड दोन वर्षांचा आहे, त्याला उगाच कमी लेखू नका, आमच्या ऑफिसात ड्रॉइंग तपासायला बसलेले सगळ्यात खडूस गृहस्थ आयटीआयचेच आहेत आणि त्यांची सही झाल्याशिवाय डिग्रीवाल्यांची शीट बाहेर जात नाही.

प्रश्न: भोसरीत वर्कशॉपला आहे. अमेरिकन ड्रॉइंगचं काम आलंय, एरोस्पेसचं. ते थर्ड अँगल असतं म्हणतात. नेमका घोळ काय होतो?

घोळ असा होतो की पार्ट आरशातला बनतो. फर्स्ट आणि थर्ड अँगल या शीटवर व्ह्यू मांडायच्या दोन पद्धती. आपल्याकडे कॉलेजात फर्स्ट अँगल शिकवतात, युरोपातही तेच चालतं. त्यात वरून पाहिलेलं चित्र फ्रंट व्ह्यूच्या खाली काढतात आणि उजवीकडून पाहिलेलं डावीकडे. अमेरिकेत थर्ड अँगल, वरचं वर आणि उजवीकडचं उजवीकडे.

मी ट्रेनी असताना एका छोट्या शॉपमध्ये होते, तिथे असंच अमेरिकन ड्रॉइंग आलं, एका बाजूला कट असलेला ब्रॅकेट. सगळ्यांनी सवयीने फर्स्ट अँगलने वाचलं, मीसुद्धा. ४० ब्रॅकेट झाले, मापं मायक्रॉनपर्यंत बरोबर, आणि ४०च्या ४० उलट्या हाताचे. डाव्या चपलेच्या जागी उजवी. इन्स्पेक्शनवाल्याने एक उचलून ड्रॉइंगशेजारी धरला आणि काही न बोलता खाली ठेवला, ते अजून आठवतं.

त्यामुळे शीट हातात आली की पहिल्यांदा टायटल ब्लॉकमधलं, म्हणजे शीटवरच्या माहितीच्या चौकटीतलं, चिन्ह बघायचं, कापलेला शंकू आणि दोन वर्तुळं. शंकूचं बारीक टोक वर्तुळांकडे असेल तर थर्ड अँगल, रुंद टोक वर्तुळांकडे असेल तर फर्स्ट. मग युनिट बघा, इंच की मिमी. मग टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते. प्रिंटवर पट्टी ठेवून माप काढायचं नाही, लिहिलेलं नसेल तर विचारायचं. आणि होलच्या पोझिशनला चौकटीत गोल-फुलीचं चिन्ह आणि व्यासाचं चिन्ह असेल तर ते प्लस-मायनसवाल्या मापासारखं वाचू नका, त्यात सेंटरला चौकोन नाही, वर्तुळ मिळतं. प्लस-मायनस ०.१ म्हणजे होलच्या सेंटरला ०.२ चा चौकोन. त्या चौकोनाच्या कोपऱ्यांतून जाणारं वर्तुळ ०.२८ व्यासाचं होतं आणि त्याचं क्षेत्रफळ ५७ टक्के जास्त. म्हणजे तुम्ही रिजेक्ट म्हणून बाजूला टाकलेले काही पार्ट पास असू शकतात, जरा परत मोजून बघा.

प्रश्न: मी सांगलीचा निवृत्त चित्रकला शिक्षक. एक कुतूहल आहे. कॉम्प्युटर नव्हते तेव्हा विमानाचे ते गुळगुळीत गोलाकार कसे काढत असतील?

सर, जमिनीवर. खरंच. जहाजबांधणीत जुनी पद्धत होती, मोठ्या माळ्याच्या फरशीवर जहाजाचे आकार पूर्ण मापात, एकास एक, आखायचे. माळा म्हणजे इंग्रजीत लॉफ्ट, म्हणून त्या कामाला लॉफ्टिंग म्हणतात. विमानवाल्यांनी ती जशीच्या तशी उचलली. लाकडाची लवचिक पट्टी घ्यायची, तिला म्हणायचे स्प्लाइन, आणि ती जागेवर राहावी म्हणून शिशाची वजनं ठेवायची, ज्यांना आकारावरून बदकं म्हणायचे. पट्टी आपोआप जो बाक घेते तो हाताने काढलेल्या कुठल्याही बाकापेक्षा सुरेख असतो, तुम्हाला हे जास्त कळेल. आज कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये, स्प्लाइन नावाचं बटण आहे ते त्या लाकडी पट्टीचंच नाव.

पण पट्टीच्या आकाराला सूत्र नसतं, दुसऱ्या कारखान्यात तो कळवायचा कसा? दुसऱ्या महायुद्धात नॉर्थ अमेरिकन कंपनीच्या रॉय लायमिंग यांनी पी-५१ मस्टँग या लढाऊ विमानाच्या बॉडीचे बाक शंकूछेदांच्या गणितात बसवले, म्हणजे परत आपलं ते गाजर. मग बाक फोनवरसुद्धा सांगता यायला लागला, कारण तो आता आकडे झाला होता. पुढे साठच्या दशकात बोइंगमध्ये फर्ग्युसन, रेनो आणि सित्रोएन या मोटार कंपन्यांमध्ये अनुक्रमे बेझिए आणि द कास्तेल्जो यांनी बाकांचं आणि पृष्ठभागांचं गणित कॉम्प्युटरला समजेल असं केलं. आणि गंमत म्हणजे 'कॉम्प्युटर ग्राफिक्स' हा शब्दच विमान कंपनीतून आलाय, १९६० च्या सुमारास बोइंगच्या विल्यम फेटर यांच्या कामातून. कॉकपिटमध्ये पायलटचा हात कुठपर्यंत पोचतो हे बघायला त्यांनी रेषांचा माणूस काढला होता. आज पोरं जे गेम खेळतात त्यातल्या माणसांचा तो पणजोबा.

कॉम्प्युटर आला म्हणून सगळं सुरळीत झालं असंही नाही हं. एअरबस ए३८० मध्ये साधारण ५३० किलोमीटर वायर. एअरबसच्या जर्मनीतल्या हॅम्बुर्गची मंडळी कॅटियाच्या जुन्या व्हर्जनवर, फ्रान्समधल्या तुलूजची नव्यावर. विमान जोडायला घेतलं तर वायरींचे गठ्ठे आखूड पडले. २००६ चा तो गोंधळ, डिलिव्हरी सुमारे दोन वर्षं लांबली.

प्रश्न: एएमई, म्हणजे विमान देखभालीचा कोर्स, करतोय. आम्हाला कुठे डिझाइन करायचंय, ड्रॉइंग लागतंच का?

लागतं. डीजीसीए या सरकारी विमान नियामकाच्या कार-६६ नियमांमध्ये मॉड्युल ७ बघ, त्यात इंजिनियरिंग ड्रॉइंगचा भागच आहे, प्रोजेक्शन, टॉलरन्स, टायटल ब्लॉक सगळं. तुला काढायचं कमी, वाचायचं जास्त. स्ट्रक्चर रिपेअर मॅन्युअल उघडलं की स्टेशन, वॉटरलाइन, बटक लाइन दिसतील, म्हणजे नाकाकडून किती, खालून किती, मधल्या रेषेपासून किती. हे शब्दही जहाजावरचेच. मुंबईत मदतनीसाला पत्ता सांगता ना, स्टेशनपासून तिसरी गल्ली, दुसरा मजला, उजवीकडचं दार, तसंच.

प्रश्न: डिप्लोमा प्रोजेक्टला ॲल्युमिनियमचा एल ब्रॅकेट केला. दोन्ही बाजू २५ मिमी म्हणून ५० ची पट्टी कापली. वाकवल्यावर मोठा झाला. का?

अरे, कारण पत्रा कोपऱ्यातून जात नाही, वळणावरून जातो, आणि वळण कोपऱ्यापेक्षा जवळचं. तू जाडी आणि रेडियस लिहिलेलं नाहीस, मी १.६ मिमी जाडी आणि आतला रेडियस ५ धरते. प्रत्येक बाजूचा सपाट भाग २५ वजा ६.६, म्हणजे १८.४. दोन्हींचे ३६.८. वळणाची लांबी म्हणजे १.५७ गुणिले (५ अधिक ०.४४ गुणिले १.६), साधारण ८.९६. एकूण ४५.७६. तू ४.२४ मिमी जास्त कापलंस. ते ०.४४ म्हणजे के-फॅक्टर, वाकवताना पत्र्याचा जो थर ना ताणतो ना दबतो तो जाडीत कुठे आहे त्याचा आकडा. पत्रा आणि डाय, म्हणजे वाकवायचा साचा, बदलली की तो थोडा बदलतो, म्हणून आधी भंगाराच्या पट्टीवर एक वाकवून मोजून घ्यायची.

आता तो जास्तीचा भाग घासून काढायचा विचार करत असशील तर थांब, आधी होल बघ. ३.२ चा रिव्हेट असेल तर होलच्या सेंटरपासून कड निदान ६.४ मिमी लांब हवी, दुप्पट व्यास. तुझी होलं वाकवायच्या आधीच पाडलेली असतील तर एका बाजूचं घासल्यावर ते अंतर उरेलच असं नाही. आणि रेडियस कमी करून माप बसवू नकोस, २०२४-टी३ या जातीच्या ॲल्युमिनियमचा पत्रा असेल तर वळणाच्या बाहेरच्या अंगाला बारीक चिरा पडतात, नखाने लागत नाहीत, भिंगाने बघावं लागतं. दुसरी पट्टी काप, ४५.८ ची.