वॅगन आरच्या पुढून खटखट आवाज येतो. चारही शॉकअप आणि स्प्रिंगा बदलाव्यात का, आणि हे काम घरी जमेल का?

तुमची गाडी २००९ ची वॅगन आर, सव्वा लाख किलोमीटर झालेली, रोज चोपडा-जळगाव ये-जा. खड्ड्यात पुढून खटखट वाजतं. मिस्तरी म्हणतो चारही शॉकअप आणि चारही स्प्रिंगा टाका, आणि तुम्ही व्हिडिओ बघून घरीच करायचं म्हणताय. माझं मत आधी सांगतो. पुढचे दोन्ही शॉकअप बहुधा लागतील. स्प्रिंगा मोजल्याशिवाय बदलू नका. आणि पुढची स्प्रिंग अंगणात स्वतः उघडू नका.

मी फैजपूरचा. माझी वॅगन आर २००६ ची आहे आणि बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर केळीच्या ट्रकांमागे तिचं आयुष्य गेलं. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा वर-खाली होतो. खड्डा दिसतो, लाट दिसत नाही. शॉकअप त्या लाटांनीच थकतो. वर मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की रबर कडक होऊन तडकतं.

पहिल्यांदा मी फक्त शॉकअप बदलले. वरचं माउंटिंग (शॉकअप बॉडीला जोडणारा रबरी भाग), त्याचं बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणारं रबर), डस्ट कव्हर सगळं जुनंच ठेवलं, कारण गॅरेजवाला म्हणाला, 'चालतंय अजून.' चार महिन्यांत तोच आवाज परत आला. माउंटिंगचं रबर फाटलेलं होतं. पुन्हा सगळं उघडावं लागलं, पुन्हा मजुरी, पुन्हा अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवणं. शॉकअपपुढे माउंटिंगची किंमत किरकोळ आहे, खरा खर्च उघडझाकीचा. म्हणून शॉकअप घ्याल तेव्हा हे चारही भाग नवे घ्या, आणि दोन्ही बाजूंचे घ्या. एक बाजू नवी आणि एक जुनी असली की ब्रेक मारताना गाडीची दोन्ही चाकं सारखी दबत नाहीत.

पण त्याआधी आवाज नेमका कुठला ते शोधा. गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या एका कोपऱ्यावर पूर्ण वजन टाकून दाबा आणि सोडा. वर येऊन थांबली तर शॉकअपमध्ये अजून जीव आहे, दोन-तीनदा डोलली तर तो संपला. शॉकअपवर तेलाचा पुसटसा ओलावा असेल तर घाबरू नका. तेल ओघळून त्यावर धुळीचा चिखल साचला असेल तर मात्र आतलं तेल अडवणारं सील गेलं. टायरवरून तळहात फिरवा, लाटालाटांनी झिजलेला लागला तर तीही शॉकअपचीच खूण.

मग कुणाला तरी उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवायला सांगा आणि तुम्ही स्प्रिंगकडे बघा, बोटं मात्र तिच्या वेढ्यांत घालू नका. स्प्रिंग अडखळत फिरून 'टंग' वाजली तर वरचं बेअरिंग जाम झालंय. जॅकवर चाक उचलून वर-खाली धरून हलवा. ढिलं लागलं तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग गेलंय. स्टॅबिलायझर बारचे (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश गेले तरी अगदी हीच खटखट येते, आणि तो खर्च फार कमी आहे. मिस्तरीने हे बघितलं का, ते विचारा.

आता स्प्रिंगा. स्प्रिंग शॉकअपसारखी झिजत नाही. ती बसते, म्हणजे दबून आखूड होते, किंवा तुटते. टायरांत हवा सारखी भरून, गाडी रिकामी ठेवून, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. डावी-उजवी सारखी असेल आणि कुठे तडा नसेल तर जुनीच स्प्रिंग परत बसवा. एका बाजूला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर कमी भरलं तर खालचा शेवटचा वेढा टॉर्च लावून बघा, बहुतेक तिथेच गंजून तुटतो. तुटलेलं टोक टायरला लागलं तर फाटायला वेळ लागत नाही, तेव्हा तशी गाडी चालवू नका.

मागची गोष्ट वेगळी. या गाडीत मागे स्प्रिंग आणि शॉकअप स्वतंत्र आहेत. डिक्कीत सीएनजीची टाकी असेल तर लोखंडी टाकीचंच वजन पन्नास किलोच्या वर असतं, शिवाय लग्नसराईत पाच माणसं आणि सामान. अशा गाडीची मागची स्प्रिंग खरंच बसते. ती बदला, पण वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर घेऊ नका. ते त्या वेढ्यांना काम करू देत नाहीत, सगळा भार उरलेल्या वेढ्यांवर येतो.

घरी करायचं तर मागचे शॉकअप करा. गाडी जॅक स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर नको, आणि पुढच्या चाकांना दगड लावा. एक्सल जॅकने धरून ठेवल्याशिवाय शॉकअपचे बोल्ट काढू नका, नाहीतर एक्सल लटकून ब्रेकच्या पाइपवर ताण येतो. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. हवेत लटकलेल्या अवस्थेत आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

पुढे मात्र स्प्रिंग शॉकअपवरच दाबून बसवलेली असते. मधोमध रॉडवर जो नट दिसतो, त्याच्यामागे ती सगळी ताकद अडकलेली आहे. स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर (हवेचा नव्हे, स्क्रूचा) न लावता तो नट सोडला तर स्प्रिंग आणि माउंटिंग गोळीसारखं उडतं. हात आणि जबडे मोडलेत माणसांचे. आमचा म्हातारा मिस्तरी अहिराणीत एवढंच म्हणायचा, 'भाऊ, हाई स्प्रिंग शे, खेळनं नही.' तो दोन कॉम्प्रेसर समोरासमोर लावून दोन्ही थोडे थोडे आळीपाळीने हातानेच आवळायचा, हवेची गन कधी लावली नाही, आणि स्प्रिंगच्या टोकांसमोर कुणाला उभं राहू द्यायचा नाही.

काम करून घेताना तिथेच उभे राहा. शॉकअप काढण्याआधी नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाच्या) दोन बोल्टांपाशी खूण करायला सांगा, म्हणजे कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, फार बदलत नाही. नकल मोकळा झाला की तारेने बांधायचा. ब्रेकच्या पाइपवर लटकू द्यायचा नाही आणि बाहेर ओढायचा नाही, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट निघतो. शॉकअपचा रॉड पकडीने धरू देऊ नका, ओरखडा पडला की नवं सील महिन्यात गळतं. नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा दाबून-ओढून मगच बसवावा. स्प्रिंगचं टोक खालच्या बशीच्या खाचेत टेकलंय का ते स्वतः बघा. त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर एका कडेने खाल्ले जातील.

रविवारी टेप घेऊन चारही चाकांपाशी मडगार्डपर्यंतची ती उंची मोजा आणि डिक्कीत सीएनजी टाकी आहे का तेही कळवा. ते आकडे आले की मागच्या स्प्रिंगा लागतात की नाही हे नक्की सांगतो.