डिस्क फिरते, खटखटते आणि थांबते

प्रश्न : नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क घालायची सोय नाही, म्हणून बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह घेतला. डिस्क घातली की दिवा लुकलुकतो, आत काहीतरी फिरतं, दोन-तीनदा खट्-खट् होतं आणि सगळं शांत. वर 'डिस्क घाला' असा संदेश! वडिलांनी 2007 मध्ये भरून ठेवलेलं घरचं चित्रीकरण त्यात आहे. ड्राइव्ह बिघडला की डिस्क गेली?

उत्तर : आधी धीर धरा. बहुतेक वेळा ड्राइव्हही धड असतो आणि डिस्कही; कमी पडते ती वीज. यूएसबी 2 च्या पोर्टमधून 500 मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी 3 मधून 900. थांबलेली डिस्क फिरवायला सुरुवात करताना मोटर क्षणभर बरीच जास्त वीज ओढते. तेवढी मिळाली नाही की ती दमते, थांबते, पुन्हा जोर लावते. मध्ये हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) असेल तर काढा. ड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावा, केबल आखूड घ्या. लांब, बारीक केबलमध्ये वीज वाटेतच घटते. ड्राइव्हसोबत दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडं लावा.

तरीही नाही चाललं, तर विकत मिळालेली एखादी छापील डीव्हीडी घालून बघा. ती चालली तर ड्राइव्ह ठीक. इथे गफलत होते ती अशी, की लोक सीडी लावून बघतात. सीडी आणि डीव्हीडी वाचणारे लेझर वेगळे असतात, त्यामुळे एक चालते म्हणून दुसरी चालेलच असं नाही.

आता तुमची डिस्क. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. गोल ओरखडा माहितीच्या रेषेबरोबरच धावतो, तो जास्त नडतो. चित्रीकरण रेकॉर्डरवर भरलेलं असेल आणि शेवटी 'फायनलाइज' (म्हणजे डिस्क इतर यंत्रांना वाचता येईल अशी पूर्ण करणं) करायचं राहिलं असेल, तर संगणकाला ती डिस्क कोरी वाटू शकते. अशा वेळी तो 'फॉरमॅट करू का' असं विचारेल. कृपा करून हो म्हणू नका. तोच रेकॉर्डर मिळाला तर त्यावर फायनलाइज करून घ्या.

एकदा का डिस्क उघडली, की बघत बसू नका, आधी अख्खी कॉपी करा. हे कळकळीने सांगतोय. माझ्या आईच्या आवाजातल्या गोष्टींची एक सीडी माझ्याकडे आहे. तिच्यावर मी बॉलपेनने दाबून नाव लिहिलं होतं. सीडीत माहितीचा थर नावाच्या बाजूला, पातळ लाखेखाली असतो. उजेडासमोर धरली की माझी अक्षरं आरपार दिसतात, आणि नेमकी तिथेच आईची गोष्ट तुटते. डीव्हीडीत तो थर प्लास्टिकच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून तुमची आशा जास्त आहे.

कॉपी झाली की व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या मोफत प्रोग्रॅममध्ये लावा. नव्या विंडोजमध्ये डीव्हीडी चित्रपट दाखवायची सोय आपसूक येत नाही. ट्रे अडकलाच तर केबल काढा, पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली यू-पिन हळूच दाबा, ट्रे बोटभर पुढे येईल. मग हाताने सावकाश ओढा.