मधपाळाचा अंगरखा कोणत्या रंगाचा?

मधपेटी उघडताना अंगावर काय असावं, यावर आलेल्या प्रश्नांना या वेळी एकत्र उत्तरं देत आहोत. प्रश्न सातेरी, म्हणजे पेटीत पाळली जाणारी देशी मधमाशी, पाळणाऱ्यांचे जास्त आहेत. शेवटचे दोन मात्र आग्या माशीबद्दल आणि पेट्यांच्या रंगाबद्दल आहेत.

प्रशिक्षणात पांढरेच कपडे घाला असं सांगितलं. आमच्याकडची वडील मंडळी मात्र वर्षानुवर्षं खाकी शर्टावर पेट्या बघतात आणि त्यांना फारसे डंख बसत नाहीत. मग पांढऱ्याचा आग्रह कशासाठी? (जावळी)

खाकी चालतो. फिका राखाडी, बदामी, कोऱ्या मांजरपाटाचा रंग हेही चालतात. माशीला पांढऱ्याचं प्रेम आहे असं नाही, तिला गडद रंग खटकतो. मोहोळ फोडून मध आणि पिलावा (माशांची अंडी-अळ्या) खाणारे अस्वलासारखे शत्रू गडद आणि केसाळ असतात. त्यामुळे पोळ्याजवळ गडद, खरखरीत आणि हलणारं काही दिसलं की पहारेकरी माशा तिकडे झेपावतात, असं याचं सर्वमान्य स्पष्टीकरण आहे. वसाहत किती तापट आहे हे तपासण्यासाठी अभ्यासक पेटीच्या दारासमोर काळ्या चामड्याचा छोटा गोळा ठरावीक वेळ हलवतात आणि त्यात रुतलेल्या नांग्या मोजतात. गोळा काळा आणि चामड्याचा घेतात, कारण त्यावर डंख हमखास पडतात.

तुमच्या वडीलधाऱ्यांना डंख कमी बसतात याचं श्रेय खाकीइतकंच त्यांच्या हातालाही द्यायला हवं. माशीच्या डोळ्याला हालचाल फार पटकन टिपता येते. सावकाश, न झटकता पोळ्याची चौकट उचलणारा माणूस तिला कमी जाणवतो. नवशिक्याचा हात अजून तसा बसलेला नसतो, म्हणून त्याने पांढऱ्याचा आधार घ्यावा.

कपडे फिके घातले तरी काही गडद वस्तू अंगावर राहून जातात. चामड्याचा घड्याळपट्टा, काळे मोजे, निळी जीन्स आणि डोक्यावरचे काळे केस यांकडे लक्ष द्या. घोटा आणि मनगट इथे डंख का बसतात याचं उत्तर पुष्कळदा मोज्यात आणि पट्ट्यात सापडतं. घड्याळ काढून ठेवा, पांढरे मोजे विजारीवर ओढून घ्या आणि केस टोपीत किंवा पांढऱ्या उपरण्यात पूर्ण झाका. केसांत अडकलेली माशी सुटायची धडपड करते आणि शेवटी डंख मारतेच.

आमच्या बचत गटातल्या महिला साडीवर काम करतात. लाल साडी नको असं ऐकलं. लाल तर उठावदार रंग, तो गडद कसा? (पाटण)

आपल्या डोळ्याला तो उठावदार आहे, माशीच्या नाही. माशीला साधारण ३०० ते ६५० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो. म्हणजे आपल्याला न दिसणारा अतिनील तिला दिसतो, पण आपला लाल तिच्या नजरेच्या कडेवर किंवा पलीकडे जातो. माशांचा अभ्यास करणारे प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे दिसलं. राखाडी छटांच्या कागदांमधून निळा कागद माशांनी बरोबर ओळखला, लाल मात्र त्यांना काळ्या-करड्यापासून वेगळा काढता आला नाही. त्यामुळे गडद लाल किंवा डाळिंबी साडी माशीसमोर जवळजवळ काळी ठरते.

साडीच्या बाबतीत रंगापेक्षा मोठी अडचण घेराची आहे. माशी खाली पडली की वर चढत जाते. निऱ्यांच्या खालून आत शिरली की तिला बाहेरची वाट सापडत नाही, चालताना ती कापडात दाबली जाते आणि डंख मारते. साडी सोडायची नसेल तर आतून घोट्याशी इलॅस्टिक असलेली फिकी विजार आणि वरून गुडघ्याखालपर्यंत पोहोचणारा, पूर्ण बाह्यांचा पांढरा सुती अंगरखा घाला. अंगरखा छातीत १५ ते २० सेंटिमीटर सैल शिवून घ्या. कापड अंगाला चिकटलेलं असलं, विशेषतः खांद्यावर आणि पाठीवर घामाने, की नांगी आरपार जाते. मोकळ्या कापडात ती हवेतच राहते. गजरा, सुगंधी तेल आणि अत्तर त्या दिवशी नको.

थंडीत सकाळी पांढरा लोकरी स्वेटर घालून पेटी उघडली, तरी माशा अंगावर आल्या. रंग तर पांढरा होता. (महाबळेश्वर)

रंग बरोबर होता, पोत चुकला. लोकरीच्या तंतूंत माशीच्या पायांची नखं अडकतात. सुटण्यासाठी ती पंख फडफडवते, तो गुणगुणाट चढतो आणि बाकीच्या माशा सावध होतात. केसाळ पृष्ठभागावर डंख मारण्याची तिची ओढही जास्त असते. स्वेटर आत घाला आणि वरून गुळगुळीत, घट्ट विणीच्या पॉपलीनचा किंवा ड्रिलचा अंगरखा.

दुसरी चूक वेळेची. थंडीत सकाळी लवकर जवळजवळ सगळ्या कामकरी माशा घरातच असतात, पिलाव्यालाही गारठा बाधतो. ऊन तापल्यावर, वारा नसताना पेटी उघडा.

बाकी सगळं पांढरं, मग बुरख्याची जाळी काळी का? (वाचकाने गाव लिहिलेलं नाही)

ती तुमच्या डोळ्यासाठी आहे. पांढऱ्या जाळीवर ऊन चमकतं आणि पोळ्याच्या पेशीतली अंडी दिसत नाहीत. गडद जाळीतून स्वच्छ दिसतं. म्हणून काळी जाळी फक्त चेहऱ्यासमोर ठेवावी, टोपी, बाजू आणि पाठ पांढरी. समोरच्या जाळीवर माशा जास्त येतात हे खरं आहे. त्यामागे काळा रंग आणि आपला उच्छ्वास दोन्ही असतात. जाळी नाक-हनुवटीपासून किमान ५ सेंटिमीटर दूर राहील अशी ताठ कडी किंवा रुंद काठाची टोपी घ्या. बहुतेक डंख जाळी कानाला, नाकाच्या शेंड्याला किंवा मानेला टेकते तिथे बसतात.

नखशिखांत पांढरं घालूनही एकाच दिवसात आठ-दहा डंख बसले. माशा चिडक्या झाल्या समजून पेटी काढून टाकावी का? (भोर)

नका काढू. आधी तो अंगरखा शेवटचा कधी धुतला ते पाहा. डंख मारताना माशी धोक्याचा गंध सोडते. त्यातला मुख्य घटक आयसोअमाइल अ‍ॅसिटेट हा पिकलेल्या केळ्यासारखा वास देतो. हा गंध कापडावर, त्याहून जास्त चामड्याच्या हातमोज्यांवर राहतो, आणि पुढच्या माशांना डंख कुठे मारायचा ते दाखवतो. या गंधापुढे कपड्याचा पांढरा रंग काही कामाचा राहत नाही. याच कारणाने पेट्यांजवळ केळी खाऊ नयेत.

अंगरखा प्रत्येक मोठ्या तपासणीनंतर धुण्याच्या सोड्याने, बिनवासाच्या साबणाने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. सुवासिक द्रवात बुडवू नका. चामडी हातमोजे धुता येत नाहीत, त्यापेक्षा फिक्या रंगाचे रबरी मोजे बरे.

डंख बसला की नांगी नखाने किंवा पटाशीच्या कडेने लगेच खरवडून काढा. कशाने काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचं, कारण तुटलेल्या नांगीची विषपिशवी आत विष ढकलत राहते. मग त्या जागेवर धुराडीचे (धूर सोडायच्या हातभात्याचे) दोन झोत द्या, म्हणजे गंध झाकला जाईल. डंखानंतर अंगभर गांध्या उठल्या, घसा सुजला किंवा श्वास लागला तर पेटी तशीच सोडून थेट दवाखाना गाठायचा.

धूरही तपासा. धुराडीत काथ्या, गोणपाट किंवा वाळलेली गोवरी घाला. धूर पांढरा, दाट आणि हाताला गार लागला पाहिजे. ठिणग्या उडणारा गरम धूर माशांना भाजतो आणि मग त्या खरोखरच अंगावर येतात. दारात दोन-तीन झोत देऊन एक-दोन मिनिटं थांबा. या वेळात माशा पोटात मध भरून घेतात आणि मवाळ होतात. बरेच जण थांबतच नाहीत. पेटीच्या दारासमोर उभं राहू नका, बाजूने किंवा मागून काम करा.

हे सगळं पाळूनही दोन-तीन तपासण्यांत तोच अनुभव आला तर राणी आहे का, फुलोरा संपला आहे का, मुंग्या किंवा गांधीलमाश्या त्रास देत आहेत का, हे पाहा. राणीहीन आणि उपाशी वसाहत कोणत्याही रंगावर धावते.

पिवळा कुर्ता घातला की माशा येऊन बसतात. त्या चावतील का? (रत्नागिरी)

बसणारी माशी फूल शोधत असते, ती उठून जाते. तिला चापटी मारू नका. चेहऱ्यासमोर चढ्या आवाजात घिरट्या घालणारी, अंगाला टक्कर देणारी माशी वेगळी. ती पहारेकरी आहे आणि तिचा तो इशारा असतो. तेव्हा हात खाली घेऊन हळूहळू १०-१५ मीटर मागे, झाडाझुडपांच्या आडोशाला जा.

गडावर आग्या मोहोळं असतात. तिथेही कपड्यांचा रंग पाहावा का? (जुन्नर)

पाहावा, पण त्यावर विसंबू नये. आग्या माशीचं एकच मोठं पोळं उघड्यावर लटकतं. धोका दिसला की पोळ्यावर माशांची चमकती लाट उठते. उजळ पार्श्वभूमीवर गडद वस्तू हलली की ही लाट उठते, असं तिरुवनंतपुरमच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं. लाट म्हणजे हल्ला नव्हे, तरी आभाळाच्या पुढे, तटाच्या कडेवर काळ्या कपड्यांत उभं राहणं टाळलेलं बरं. धूर, अत्तर, दगड, ड्रोन यांचा धोका रंगाहून कितीतरी मोठा आहे. माशा उठल्याच तर तोंड-डोळे झाकून सरळ पळा आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत राहतात.

पेट्या ओळीने ठेवल्या की माशा शेजारच्या पेटीत जातात. रंग देऊन फरक पडेल का? (सांगोला)

पडेल. निळा, पिवळा, पांढरा असे एकाआड एक रंग दाराच्या भोवती द्या. लाल आणि काळा शेजारी देऊ नका, माशीला ते दोन्ही सारखेच. डाळिंबाच्या बागेत रात्री पेट्या हलवताना याच गोष्टीचा उपयोग होतो. पांढऱ्या विजेरीवर माशा झेपावतात, म्हणून काचेवर लाल जिलेटीन कागद बांधा. तुम्हाला दिसेल, त्यांना जवळजवळ अंधारच राहील.