पहिल्या वर्षाच्या रेसिडेंट डॉक्टरला

अगं, राउंडला पेशंटच्या नातेवाइकांसमोर सिनिअरने फाइल फेकली, हे तुझ्या मेसेजमध्ये वाचून पोटात कालवलं. "आम्हीही हेच सोसलं" असं तुला ऐकवतील. मलाही ऐकवलं होतं, आणि थर्ड इयरला मीही एका ज्युनिअरला तेच सुनावलं. त्याची लाज अजून वाटते.

डोस चुकला म्हणून कोणी कडक बोललं, तर ऐकून घे; पेशंटच्या जिवाचा प्रश्न असतो. पण जातीवरून, आरक्षणाच्या कोट्यावरून, गावाकडच्या बोलीवरून टोमणे, शिक्षा म्हणून सलग ड्युट्या, ऑपरेशन थिएटरमध्ये पाऊलही न ठेवू देणं, याला शिकवणं म्हणत नाहीत. 2019 साली मुंबईत डॉ. पायल तडवी या रेसिडेंटने आत्महत्या केली; सिनिअर जातीवरून छळत होत्या, असा आरोप होता. तेव्हा आपण हळहळलो, मेणबत्त्या लावल्या आणि पुन्हा गप्प झालो.

राज्यात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. 1992च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला 48 तासांची ड्युटी लिहिलेली आहे. वॉर्डात हे कोणी सांगत नाही.

आजपासून वही ठेव: तारीख, वेळ, कोण काय बोललं, कोण हजर होतं. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुसू नकोस. तक्रार लेखीच दे, पोच घे, मार्डच्या (रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेच्या) प्रतिनिधीला सोबत ने. एचओडींनी (विभागप्रमुखांनी) "आपसात मिटवा" म्हटलं तर सरळ डीनकडे जा.

झोप उडाली असेल, नको ते विचार येत असतील, तर आधी 14416 वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर, मग मला. रात्री तीनलाही चालेल. आणि आईला "सगळं ठीक आहे" सांगणं थांबव.