मानशीला दार नसलं तर

प्रश्न : आईचं (वय ६१) गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ४ वर्षांपूर्वी झालं. पुढच्या तपासण्या चांगल्या आल्या. यंदा चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुमारास तिला चक्कर येऊ लागली. चालताना डावीकडे तोल जाई, सकाळी उठल्याबरोबर उलटी. दोन महिने आम्ही मानेची आणि पित्ताची औषधं दिली. आता एमआरआयमध्ये लहान मेंदूत एकच गाठ दिसते. फुप्फुसं आणि यकृत स्वच्छ. गर्भाशयातला रोग मध्ये कुठेच न थांबता डोक्यात कसा गेला? आम्हीच उशीर केला का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते. चक्कर म्हटली की मान, कान, पित्त हेच मनात येतं, डॉक्टरांच्याही. स्वतःला दोष देऊ नका.

आता रोगाची वाट. सुटलेल्या पेशी रक्तातून आधी फुप्फुसांत पोचतात आणि बहुधा तिथेच अडकतात. मेंदूत पसरणाऱ्या गाठी बहुतेक मोठ्या मेंदूत बसतात, लहान मेंदूत साधारण १५ टक्के. पण गर्भाशय, प्रोस्टेट, आतडं यांच्या गाठी लहान मेंदूत अपेक्षेपेक्षा जास्त सापडतात.

माझं बालपण चोडणला खाजनाकाठी, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतांकाठी गेलं. भरती आली की मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारं आपोआप मिटतात, खारं पाणी शेतात शिरत नाही. हातापायांच्या शिरांत अशाच झडपा असतात. मणक्यांभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात त्या नसतात. खोकताना, कुंथताना पोटातला दाब वाढला, की ओटीपोटातलं रक्त या जाळ्यातून उलटं कवटीपर्यंत चढू शकतं, फुप्फुसांना वळसा घालून. अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी ही वाट १९४० मध्ये दाखवली. सगळ्या तज्ज्ञांना एवढंच कारण पुरेसं वाटत नाही. तुमच्या आईच्या बाबतीत मला ते पटतं.

गाठ एकच आहे, ही जमेची बाजू. ती काढता येईल का, हे न्यूरोसर्जनना विचारा. काढल्यावर बहुधा त्या जागेपुरतं रेडिएशन देतात. काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे, कारण डोक्यातली प्रत्येक गाठ जुन्या कॅन्सरचीच असते असं नाही. पहिल्या ऑपरेशनचा रिपोर्ट आणि स्लाइड्स शोधून ठेवा, ताडून बघायला लागतील.

आणि एक. लहान मेंदूच्या अगदी पुढे मेंदूतल्या पाण्याची अरुंद वाट आहे. गाठीने ती तुंबली तर डोकं फार दुखतं, उलट्या वाढतात, माणूस गुंगीत जातो. तसं दिसलं तर सकाळ व्हायची वाट बघू नका, रात्रीच आईला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्या.