बांडा स्क्विड आणि त्याचं विरजण

प्रश्न : नातीनं मोबाइलवर एक इवलासा समुद्री जीव दाखवला. ती म्हणते ऑक्टोपसचं पिल्लू, व्हिडिओवाला म्हणतो हवाईचा 'बॉबटेल स्क्विड'. याची शेपटी कुणी तोडली? पोटात दिवा लागतो म्हणतात, तो कसा? आणि घरच्या काचेच्या टाकीत पाळता येईल का?
– एक आजोबा, सेलू (जि. परभणी)

उत्तर : आजोबा, शेपटी कुणी तोडली नाही. आखूड शेपटाच्या बैलाला आपण बांडा म्हणतो, तसलंच हे नाव. कोकणात ज्याला माकूल म्हणतात तो नेहमीचा स्क्विड मागं निमुळता होतो. याचं धड मागं गोल, बटव्यासारखं, आणि दोन्ही बाजूंना कानांसारखे पर. नातीला हात मोजायला लावा. ऑक्टोपसला आठ, याला आठ आणि वर दोन लांब शुंडके. ते एरवी आत ओढलेले असतात, कोळंबी टप्प्यात आली की सटकन बाहेर.

शास्त्रीय नाव युप्रिम्ना स्कोलोप्स. धड जेमतेम 3 सेंटीमीटर, वजन 3 ग्रॅमच्या आतलं. सराफाच्या काट्यावर अर्धा तोळाही भरायचा नाही.

मी अंबाजोगाईत प्राणिशास्त्र शिकवलं. आमचा स्क्विड म्हणजे फॉर्मॅलिनच्या बरणीतला पांढराफटक गोळा. "सर, याचा रंग असाच का?" असं पोरं विचारायची आणि मी "हो" म्हणून मोकळा व्हायचो. साफ चूक. जिवंतपणी त्याच्या कातडीत रंगाच्या बारीक पिशव्या असतात. स्नायूंनी ताणल्या की ठिपके पसरतात, सैल सोडल्या की मिटतात. दिवसा तर तो वाळूत पुरून घेतो, अंगाच्या चिकट स्रावावर वाळूचं पांघरूण चिकटवून.

आता दिवा. तो त्याचा स्वतःचा नाहीच, भाडेकरूंचा आहे. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा पोटातला अवयव रिकामा असतो. समुद्राच्या पाण्यातले व्हिब्रिओ फिशेरी नावाचे जिवाणू काही तासांत तिथं शिरतात, वाढतात, आणि गर्दी पुरेशी झाली की उजळतात. स्क्विड त्यांना साखर आणि अमिनो आम्लं पुरवतो. रात्री वरून चांदणं येतं तेवढाच उजेड तो पोटाखालून सोडतो, म्हणून खालून बघणाऱ्या शिकाऱ्याला त्याची सावली दिसत नाही. उजेड जास्त झाला तर शाईच्या पिशवीचा पडदा आड येतो. पहाटे तो सुमारे 95 टक्के जिवाणू बाहेर फेकतो. उरलेलं विरजण! रात्रीपर्यंत पुन्हा भांडं भरतं. जून 2021 मध्ये याची पिल्लं अंतराळ स्थानकावर गेली, ती हीच भागीदारी वजनरहित अवस्थेत कशी चालते हे बघायला.

पाळायचं मात्र मनातून काढा. आयुष्य वर्षभराचंही नाही, खायला जिवंत कोळंबी हवी, आणि आपल्या बोअरचं पाणी कितीही खारट लागलं तरी तो समुद्र नव्हे. त्यापेक्षा काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेनाचा तुकडा आणा. ती याच्या चुलतभावाच्या, कटलफिशच्या, पाठीतली ढाल. नातीला दाखवा; पण बांड्याच्या पाठीत ती नसते, हेही सांगा.