सेंद्रिय, रासायनिक की बिननांगरणी: कुठल्या मक्याने पर्यावरणाला कमी त्रास?

तुम्ही विचारलंय की बोरिवलीतली नोकरी सांभाळून गावाकडची वडिलांची ४ एकर बघायचीय, मका करायचाय, तर सेंद्रिय, रासायनिक आणि बिननांगरणी यातलं पर्यावरणाला कमी त्रासाचं काय. मी राहुरीला ॲग्री केलं आणि गेली बारा वर्षं मुलुंडहून सीएसएमटी लोकल धरतोय, शेती आता सुट्टीत सिल्लोडकडे मामाच्या रानात जाण्यापुरती उरलीय, हे आधीच सांगून टाकतो. पण मला वाटतं तुम्ही नाव निवडत बसलाय, आणि मक्यामुळे पर्यावरणाचं होणारं बरंचसं नुकसान नत्र (नायट्रोजन) किती टाकलं आणि कधी टाकलं यावर ठरतं.

मका खादाड पीक आहे हो. शिफारस हेक्टरी १२० किलो नत्राची असते, सगळं युरियातून द्यायचं म्हटलं तर ४५ किलोची जवळजवळ ६ पोती. पिकाने खाल्लं ते खाल्लं, उरलेलं थोडं अमोनिया होऊन हवेत, थोडं नायट्रेट होऊन खाली विहिरीच्या पाण्यात आणि अगदी थोडं नायट्रस ऑक्साइड होऊन वर. हे अगदी थोडं म्हणजे ढोबळ हिशोबात १०० किलो नत्रातलं १ किलो, पण तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७० पट तापवतो, त्यामुळे एका हेक्टरमागे अर्धा टन कार्बन डायऑक्साइडएवढं तिथेच झालं, युरिया बनवताना कारखान्यात लागलेला गॅस वेगळा.

मामाने एका वर्षी मजूर परत मिळणार नाहीत म्हणून सगळा युरिया एकाच दिवशी फेकला, रात्री धो धो पाऊस आला आणि पंधरा दिवसांत मका पिवळा, खत गेलं ओढ्याला. मामा म्हणतो ओढ्याकाठचं गवत मात्र त्या वर्षी काय हिरवंगार होतं! अमेरिकेत हेच अवाढव्य प्रमाणात होतं, मक्याच्या पट्ट्यातलं नत्र मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जातं, तिथे शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, २०१७ मध्ये असा मृत पट्टा २२ हजार चौरस किमीच्या वर गेला होता.

आता सेंद्रिय. तेवढंच हेक्टरी १२० किलो नत्र शेणखतातून द्यायचं तर एकरी जवळपास १० टन खत लागेल, म्हणजे तुमच्या ४ एकरांना ४० टन, आणि गावात जनावरं किती उरलीत ते तुम्हीच मोजा. कमी टाकलं तर उत्पादन घटतं, मग तेवढ्याच मक्याला जास्त जमीन लागते, हेही पर्यावरणातच धरायला हवं ना. आणि शेणखतातलं नत्रसुद्धा पावसात वाहतंच, त्याला काय माहीत आपण सेंद्रिय आहोत. तरी मातीसाठी शेणखत हवंच, मी थोडं शेणखत आणि थोडा युरिया या बाजूचा आहे.

बिननांगरणीत माती वाहून जात नाही, डिझेल वाचतं, ओल टिकते. आपल्याकडे नेरळच्या सगुणा बागेतून आलेली एसआरटी पद्धत हीच, गादीवाफे कायमचे, मुळं जमिनीतच ठेवायची. फक्त एक गोम आहे, नांगर सुटला की तणनाशक हातात येतं. मक्यात सर्रास मारतात ते अॅट्राझीन, युरोपात पाण्यात सापडायला लागलं म्हणून बंद केलं.

अळीचं विसरू नका. अमेरिकन लष्करी अळी २०१८ ला कर्नाटकात दिसली आणि तेव्हापासून मक्यावरचे फवारे वाढलेत (बीटी, म्हणजे अळीला मारणारं जनुक घातलेला मका आपल्याकडे नाहीच, बीटी म्हणजे फक्त कापूस). ती पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत बसते, म्हणून दुपारी वरवर मारलेलं औषध तिला सोडून बाकी सगळ्यांना लागतं. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा, आठवड्यातून दोनदा पोंगे बघा, मगच ठरवा. तुम्ही बोरिवलीत, मग बघणार कोण, हा खरा प्रश्न.

मी तुमच्या जागी असतो तर खरिपाचाच मका केला असता, पावसावर. रब्बीत पाटपाण्याने विहीर उपसून मका करायचा आणि वर पर्यावरण विचारायचं हे मला पटत नाही, ठिबक असेल तर गोष्ट वेगळी. मधल्या ओळीत उडीद किंवा चवळी, जमीन झाकली जाते आणि तण दबतं. युरिया तीन हप्त्यांत, पेरणीला, महिन्याने आणि ४०-४५ दिवसांनी, वाफसा (ना चिखल, ना कोरडी अशी ओल) बघून मातीआड करून, मोबाइलवर मोठ्या पावसाचा इशारा असेल तर पोतं फोडायचंच नाही.

आणि मुरघासवाला (हिरवा चारा मुरवून जनावरांसाठी साठवणारा) येईल, उभा हिरवा मका मागेल, रोख पैसे एकदम. सगळा देऊ नका. मामाने दोन वर्षं बुडख्यापासून कापून दिला, तिसऱ्या वर्षी तेच रान पाऊस पडून उन्हं आली की वरून सिमेंटसारखं कडक व्हायला लागलं, आता तो निम्मा देतो आणि निम्म्याची ताटं (कणसं काढून उरलेले दांडे) रोटाव्हेटरने रानातच कुटतो.